ब्रेकमधली हवा: गणपतीला निघण्याआधीच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा. तेव्हा एबीएस सक्तीचं नव्हतं. नव्या मॉडेलना ते एप्रिल २०१८ पासून लागू झालं आणि विकल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्यांना एप्रिल २०१९ पासून. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून ही गाडी घेताना वरचं मॉडेल घेतलं ते फक्त एबीएससाठी. बेस्टच्या विक्रोळी आगारात ते फिटर होते, त्यामुळे घरातल्या कुठल्याही गाडीचा ब्रेक हा त्यांच्या लेखी स्वतःचा विषय असतो.

यंदा चतुर्थी २७ तारखेला, बुधवारी. गावी याच गाडीने जायचं आहे.

तक्रार अशी. जुलैमध्ये डाव्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने ब्रेक चाकाला लावणारा भाग) गळायला लागला. एका गॅरेजमध्ये नवा बसवून घेतला. गाडी परत आली तेव्हापासून पेडल मऊ आहे. मिस्त्री म्हणाले, नवं सामान आहे, चालवून सेट होईल. तीन आठवडे झाले, काही सेट झालं नाही. नवे लायनर (ड्रमला घासणारे ब्रेकचे पट्टे) घासून बसतात हे खरं, पण पायाखाली स्पंज दाबल्यासारखं वाटणं त्यातून येत नाही.

आज काही उघडलं नाही, फक्त तपासलं. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा पेडल मारलं, बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपवला. मग पेडल दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल किंचित खाली गेलं, म्हणजे बूस्टर ठीक. एक मिनिट जोर लावून धरलं तर हळूहळू खाली सरकत नाही, म्हणजे मास्टर सिलिंडरचे (पेडलचा जोर ऑइलवर टाकणाऱ्या भागाचे) रबर आतल्या आत गळत नाहीत. भराभर चार वेळा मारलं की पेडल वर येतं आणि घट्ट होतं. हे लक्षण हवेचं असतं किंवा मागचे लायनर ढिले असल्याचं. दोन्हींत फरक करायची बाबांची सोपी युक्ती आहे: हँडब्रेक ओढून पुन्हा पेडल दाबायचं. लायनर ढिले असतील तर हँडब्रेक त्यांना ड्रमला टेकवतो आणि पेडल एकदम वर येतं. आमचं जेमतेम वर आलं. हवाच आहे.

मोजून ठेवायचं ठरवलं, कारण "आज बरं वाटतंय" यावर माझा विश्वास नाही. पद्धत: मॅट काढायची, इंजिन बंद, व्हॅक्यूम संपवलेला, पाय बाबांचा, स्टीलची पट्टी माझी. पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं की जमिनीपासून पेडलच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. आज ५८ मिलिमीटर.

५ ऑगस्ट, मंगळवार

रात्री जेवताना बाबांनी इंजेक्शनची सिरिंज मागवली. ती पाण्याने भरली, तोंडावर बोट दाबलं आणि मला दट्ट्या दाबायला सांगितला. हलेना. मग थोडी हवा आत घेतली. दट्ट्या सहज पाव भाग आत गेला आणि बोट न काढताच परत आला. "पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आधी हवा दाबण्यात खर्च होतो, बाळा." आगारातल्या बसना एअर ब्रेक, तिथे हवाच कामाला लावलेली असते. मोटारीत मात्र तीच नको असते. चाळीस वर्षांच्या आसपास एका प्रकारच्या ब्रेकमध्ये हात घातलेला माणूस दुसऱ्या प्रकाराबद्दल इतक्या मन लावून बोलतो, हे ऐकायला मला फार आवडतं.

९ ऑगस्ट, शनिवार

रक्षाबंधन. सकाळी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर सामान आणायला गेले, बसने. गाडी काढली नाही.

ब्रेक ऑइल: टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलं आहे. डॉट ४ घेतलं, अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे. पहिल्या दुकानात उघड्या पाच लिटरच्या कॅनमधून सुटं काढून देत होते, स्वस्त. नको म्हटलं. हे ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. मुंबईच्या ऑगस्टमध्ये उघडा कॅन म्हणजे पाणी प्यायला बसलेला कॅन. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तोच किमान १५५° वर येतो. डॉट ३ साठी हे आकडे २०५° आणि १४०°. घाट उतरताना सतत ब्रेक लागला की कॅलिपरमधलं (डिस्कला पकडणाऱ्या भागातलं) ऑइल तापतं, पाणी मुरलेलं ऑइल उकळतं, वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच दाबली जाते. पेडल जमिनीला जाऊन टेकतं. कशेडीचा बोगदा झाला तरी चिपळूणच्या अलीकडे परशुराम घाट उतरायचाच आहे.

डॉट ५ च्या वाटेला जायचं नाही. ते सिलिकॉनचं, या ऑइलमध्ये मिसळत नाही आणि एबीएसला चालत नाही. डॉट ५.१ नावाने त्याचं भावंड वाटतं, पण ते ग्लायकॉलचंच आहे.

बाकी सामान: निपलसाठी, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर काढायच्या चाकाजवळच्या छोट्या स्क्रूसाठी, रिंग पाना (उघड्या तोंडाच्या पान्याने निपलचे कोपरे गोल होतात), फिश टँकच्या दुकानातून पारदर्शक नळी दोन मीटर, चष्मा, हातमोजे, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे. दोन स्टँड खालच्या मजल्यावरच्या काकांकडून. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी हातही घालत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी सातला सुरुवात. सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काल घेतली होती. पार्किंग इमारतीखाली असल्यामुळे पावसाची चिंता नव्हती.

काल रात्री चारही निपलवर गंज सुटायचं तेल मारून ठेवलं होतं. तीन सुटले. पुढचं डावं हटून बसलं. जोर केला नाही, कारण निपल आत तुटलं तर अख्खा कॅलिपर काढावा लागतो. हलके ठोके, परत तेल, पंधरा मिनिटं चहा, परत ठोके. चौथ्या खेपेला सुटलं.

क्रम. जुन्या गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, असा नियम सगळ्यांना पाठ असतो. आमच्याकडे चालक उजवीकडे, मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून डावं मागचं चाक सर्वांत लांब. पण या गाडीचे ब्रेक तिरक्या दोन भागांत वाटलेले आहेत: डावं मागचं आणि उजवं पुढचं एका भागात, उरलेली दोन दुसऱ्या. एक भाग फुटला तरी एक पुढचं चाक हाती राहतं. आमच्या मॅन्युअलमध्ये क्रमही तिरकाच दिला आहे. डावं मागचं, उजवं पुढचं, उजवं मागचं, डावं पुढचं. दुसऱ्या गाडीला दुसरा असू शकतो, म्हणून हा माझा क्रम कोणी डोळे मिटून घेऊ नये.

आधी टाकीतलं जुनं ऑइल सिरिंजने काढलं आणि नवं भरलं. नाहीतर सगळा जुना माल आधी पाइपातून ओढत बसावं लागतं. मग नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवून. बाबा सीटवर. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवला, म्हणजे पेडल तळापर्यंत जाणार नाही. दहा वर्षांच्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेवढा फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत असतो. पुढच्या भागात गंज, गाळ. पेडल तळाला नेलं की रबर तिथून घासत जातं आणि फाटतं. ब्रेकची हवा काढताना चांगला मास्टर सिलिंडर गेला, असं ऐकू येतं, त्यामागे बहुतेक वेळा हे असतं.

हाका ठरवल्या. मी "दाब" म्हटलं की बाबा दाबणार आणि "धरलं" म्हणणार. मग मी निपल पाव फेरा सोडणार, ऑइल येणार, पेडल खाली जाणार. निपल बंद करून मी "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. निपल उघडं असताना पाय उठला तर बाहेरची हवा आत. बाबांच्या गुडघ्याचं दुखणं आहे म्हणून दर दहा वेळांनी थांबलो. प्रत्येक थांब्याला मी टाकी पाहत होते. पातळी खालच्या रेषेच्या खाली एकदाही जाऊ दिली नाही.

डाव्या मागच्या चाकातून पहिल्या दोन-तीन दाबांना मोठे बुडबुडे आले. ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. वीसेक दाबांनंतर स्वच्छ. बाकीच्या तीन चाकांत बारीक बुडबुडे, मग तेही थांबले. एकूण पाऊण लिटर गेलं. फेंडरवर चार थेंब सांडले, लगेच भरपूर पाणी ओतलं. हे ऑइल रंग खातं, आणि ते पुसण्यापेक्षा धुतलेलं बरं.

अकराला पट्टी लावली. ९० मिलिमीटर. बाबा काही बोलले नाहीत, फक्त पेडल परत परत दाबत राहिले.

१३ ऑगस्ट, बुधवार

ऑफिसला गाडी नेली नाही. संध्याकाळी मुलुंडमध्येच चार फेऱ्या. ८९-९०. चारही निपलांना कागदी रुमाल लावून पाहिला, कोरडे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर आईबाबांना घेऊन ठाण्याला मावशीकडे. परतताना सर्व्हिस रोडवर पाऊस, समोरची रिक्षा एकाएकी थांबली. मी जोरात ब्रेक दाबला, पेडल पायाखाली थरथरलं, एबीएसने काम केलं, गाडी सरळ रेषेत थांबली. सुरक्षित अंतर होतं, काही झालं नाही. पण पुढच्या सिग्नलला पेडल दाबलं आणि पोटात गोळा आला. मऊ. घरापर्यंत तिसऱ्या गिअरच्या वर गेले नाही.

पट्टी: ६३.

टाकीची पातळी कणभरही कमी नाही. कुठेही गळती नाही. बाहेरून हवा शिरायला वाट नाही. मग ही हवा आली कुठून?

१५ ऑगस्ट, रात्री

जेवणं झाल्यावर मी एका लग्नपत्रिकेच्या मागे एबीएस युनिटची आकृती काढली आणि बाबांसमोर ठेवली. त्यांनी पंधरा मिनिटं नुसती पाहिली. १९७८ मध्ये बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलं, त्याच वर्षी ते आगारात लागले. पण हे यंत्र त्यांच्या हातून कधी गेलं नाही.

प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह. आत जाण्याचा एरवी उघडा, बाहेर पडण्याचा एरवी बंद. चार चाकांचे आठ. चाक अडकायला लागलं की आत जाण्याचा बंद होतो, बाहेरचा क्षणभर उघडतो आणि चाकाकडचं थोडं ऑइल एका छोट्या साठवणीत उतरतं, म्हणजे चाक पुन्हा फिरायला लागतं. साठवणीतलं ऑइल एक पंप उचलून परत मास्टर सिलिंडरच्या बाजूला ढकलतो. पायाला जाणवते ती थरथर यातूनच येते.

आता रविवारी आम्ही काय केलं? पेडल दाबलं, ऑइल उघड्या व्हॉल्व्हमधून चाकाकडे गेलं, निपलमधून बाहेर आलं. पण बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण वेळ बंदच होता. त्यामागची साठवण आणि पंप यांतून रविवारी एक थेंबही फिरला नाही. तिथे हवा असेल तर ती आम्हाला दिसलीच नसती. पेडलला जाणवलीही नसती, कारण बंद व्हॉल्व्ह तिला पेडलपासून तोडून ठेवतो. आज एबीएसने व्हॉल्व्ह उघडला, पंप फिरला, आणि आत दडलेली हवा मुख्य पाइपात आली.

तिथे ती शिरली कशी, हेही बाबांनीच जुळवलं. गॅरेजमध्ये सिलिंडर बदलताना टाकी बहुधा कोरडी झाली आणि पाइपात हवा गेली. गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐरोलीच्या बाजूने येताना ओल्या रस्त्यावर पेडल एकदा थरथरलं होतं, ते त्यांना आज आठवलं. पाइपात हवा असताना एबीएस चाललं आणि त्यानेच ती साठवणीत नेऊन ठेवली.

म्हणजे रविवारच्या ९० या आकड्यावर मी उगाच निर्धास्त झाले होते. एबीएसच्या गाडीत साध्या पद्धतीने हवा काढल्यावर पेडल घट्ट झालं तरी आत काय उरलं आहे ते कळत नाही. ते कळायला एबीएस चालावं लागतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीहंडी, अर्धे रस्ते बंद. घरी बसून पुढचं ठरवलं.

एक मार्ग: रिकाम्या ओल्या जागी मुद्दाम एबीएस चालवायचं, मग परत हवा काढायची, असं दोन-तीनदा. जुने मिस्त्री हे करतात आणि त्याने काम होतंही. पण मऊ ब्रेकची गाडी जोरात पळवून दाबायची हे मला पटत नाही, आणि मुंबईत सार्वजनिक रस्त्यावर तर नाहीच नाही. दुसरा मार्ग स्कॅनरचा, जो गाडी उभी असताना युनिटला व्हॉल्व्ह उघडायला आणि पंप फिरवायला सांगतो.

माझ्याकडचा फोनला जोडायचा ओबीडी डाँगल (गाडीतले बिघाड वाचणारं छोटं यंत्र) फक्त इंजिनशी बोलतो, एबीएसपर्यंत पोचत नाही. भांडुपच्या ओळखीच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनदादांना फोन केला. "ताई, माझ्या मशीनमध्ये तुमच्या गाडीचं एबीएस ब्लीडिंग, म्हणजे हवा काढायची सोय, आहे. सोमवारी येतो."

१८-१९ ऑगस्ट

दोन्ही दिवस मुसळधार. शाळांना सुट्टी, मंगळवारी हार्बर लोकल बंद. दादा येणं शक्यच नव्हतं. रविवारी उरलेलं पाव लिटर ऑइल आठ दिवस उघड्या सीलच्या डब्यात होतं, ते बाजूला काढलं. ब्रेकमध्ये घालणार नाही. शेजारच्या दुकानातून नाही, परत कुर्ल्याहूनच दोन सीलबंद डबे येतील, भाऊ आणतोय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रजा टाकली. दादा साडेनऊला आले.

त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती बॅटरीची. पंपाची मोटर बराच करंट खाते, मध्येच व्होल्टेज पडलं तर प्रक्रिया अर्धवट तुटते. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढून चार्जर लावला. आधी एबीएसमध्ये नोंदलेले बिघाडाचे जुने कोड वाचले. एकही नाही. एबीएसचा दिवा कधी लागला नव्हता, आणि तो लागणारही नव्हता. युनिटला चाकांचा वेग कळतो, पाइपात हवा आहे हे कळत नाही.

इंजिन बंद, किल्ली चालू. मशीनवर सूचना येतात तसं करायचं. बाबा सीटवर, मी डाव्या मागच्या चाकापाशी, दादा मशीन धरून. पेडल दाबलेलं ठेवायचं. मग युनिटमधून गर्र असा आवाज, बाबांच्या पायाला धक्के, काही सेकंद. थांबलं की निपल उघडायचं.

नळीत पांढरा फेस आला. बुडबुडे वेगळे दिसेनात, सोडावॉटरसारखं ऑइल. बाबा सीटवरून उतरून पाहायला आले. मी नळी उजेडात धरली आणि आम्ही तिघंही थोडा वेळ नुसते पाहत होतो. अकरा दिवसांपूर्वी याच निपलमधून मी स्वच्छ ऑइल काढलं होतं.

चारही चाकं, प्रत्येकाला दोनदा. उजव्या पुढच्यातही फेस, म्हणजे त्याच तिरक्या भागातला. दुसऱ्या भागात जवळजवळ काही नाही. दुसऱ्या फेरीत डाव्या मागच्यात तुरळक बुडबुडे, उजव्या पुढच्यात एकही नाही. बाबा म्हणाले, तिसरी फेरी घे. दादा म्हणाले, गरज नाही. तिसरी घेतली. डाव्या मागच्यात आणखी दोन बुडबुडे निघाले. मग मशीन काढून साध्या पद्धतीने चारही चाकं पुन्हा एकदा.

पट्टी: ९२.

दादांनी निघताना बाबांच्या पायाशी वाकून नमस्कार केला. आगारातला माणूस आहे हे त्यांना हाका ऐकूनच कळलं होतं म्हणे.

२४ ऑगस्ट, रविवार

आजची चाचणी हीच खरी. भावाच्या ओळखीने एका बंद कारखान्याचं आवार मिळालं, आत कोणी नाही, फरशी ओली. आधी सावकाश दहा वेळा ब्रेक. मग ताशी ३० किलोमीटरवरून जोरात. एबीएस चाललं. थांबले, मॅट काढली, बाबा बाजूच्या सीटवरून उठून इकडे आले, पट्टी. ९२. परत. ९२. पाचव्यांदा ९१, आणि ती एक रेघ पट्टी तिरकी धरल्याचीही असेल.

जुनं ऑइल दोन बाटल्यांत भरून, वर चिठ्ठी लावून दादांच्या दुकानातल्या जुन्या ऑइलच्या पिंपाकडे पाठवलं. गटारात ओतलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

पहाटे चारला निघालो. मागे आईच्या मांडीवर मखराचे भाग, डिकीत शिधा. परशुराम घाटात पाऊस आणि पुढे ट्रकची रांग. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरत होते, ब्रेक थोडा थोडा. बाबांचं लक्ष पूर्ण वेळ माझ्या उजव्या पायाकडे.

दुपारी घरी पोचलो. सामान उतरायच्या आधी बाबा सीटवर जाऊन बसले आणि पट्टी मागितली. मी अंगणात गुडघ्यावर बसून मोजलं.

९२.

"लिही," ते म्हणाले, आणि गाडीतून उतरून विहिरीकडे पाय धुवायला गेले.